बावीस पोत्यांचा फरक

बुधवारी मुंबईहून साहेब आले. त्यांनी मी भरलेले पाहणीचे त्रेपन्न तक्ते गठ्ठ्यातून काढले, खुर्चीवर ठेवले आणि सांगितले, "हे घरी बसून भरलेले आहेत."

मी सरांकडे पाहिले. सर फरशीकडे पाहत होते.

सर गेले त्याला आता दोन महिने झाले. शेवटी त्रास झाला नाही, सकाळी चहा घेतला आणि दुपारी झोपेतच गेले, असे त्यांच्या पुतण्याने कळवले. ते वाचून मला रडू येण्याआधी हायसे वाटले, आणि त्याची थोडी लाजही वाटली. तेव्हापासून त्यांच्याविषयी लिहायला बसते आहे. प्रत्येक वेळी पहिले वाक्य त्या बुधवारचेच येते. म्हणून तसेच राहू दिले.

तेव्हा जालना जिल्हा झालेला नव्हता. बहात्तरचा मोठा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षे झाली होती. सरांची खोली जालन्याच्या मस्तगडात एका किराणा दुकानाच्या वर होती. खोली ऐसपैस, सामान थोडे: एक खाट, एक खुर्ची, माठ आणि पुस्तकांच्या दोन लोखंडी पेट्या. बाकी सगळी शहाबादी फरशी. खोली बघायला सर पहिल्यांदा आले तेव्हाची गोष्ट खालचा दुकानदार सगळ्यांना सांगायचा. "भाडं इचारलं न्हाई, पाणी कधी येतं इचारलं न्हाई. वाकले अन् फरश्या मोजाया लागले. आडव्या किती, उभ्या किती. मंग म्हणले, बराबर हाय, घेतो. मला वाटलं फरशीचे ठेकेदार हायत."

त्या फरशीवर सरांनी एक गाव मांडले होते. अंबडच्या रस्त्यावरचे, शे-दीडशे घरांचे. मुंबईच्या एका संस्थेने हे काम सरांकडे दिले होते; साहेब तिथलेच. परदेशातले काही अर्थशास्त्रज्ञ त्या सुमारास विकसनशील देशांच्या अर्थव्यवस्था एकेका चौकोनी सारणीत मांडू लागले होते. कोणत्या थरातल्या माणसांकडून कोणत्या थराकडे काय जाते हे एकदा नीट मांडले, की उद्या सरकारने तिथे एक रुपया ओतला तर तो फिरत फिरत कोणाच्या दारात जाऊन थांबेल, हे आधीच सांगता येते. देशाची सारणी करण्याआधी एका गावाची करून पाहावी, असे संस्थेला वाटले. तिचे मराठी नाव सामाजिक लेखा सारणी. सर तिला चौकट म्हणत.

चौकट समजायला सोपी होती. डाव्या भिंतीशी वरून खाली खडूने नावे लिहिलेली: ज्वारी, कापूस, किराणा, बैल, शेतकरी घरे, कारागीर घरे, मजूर घरे, बौद्ध मजूर घरे, असे करत सरकारपर्यंत. तीच नावे त्याच क्रमाने समोरच्या भिंतीशी डावीकडून उजवीकडे. आडव्या ओळीत त्या नावाला काय मिळाले ते, उभ्या रकान्यात त्याने काय दिले ते. प्रत्येक फरशीवर एक चिठ्ठी आणि ती उडू नये म्हणून वर चिंचोके. ओळीची बेरीज आणि त्याच नावाच्या रकान्याची बेरीज सारखी आली पाहिजे. कुणाला काही मिळाले असेल तर ते कुणीतरी दिलेले असणारच, एवढाच तिचा कायदा.

एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात जाणाऱ्या तिरक्या फरश्या मात्र रिकाम्या असत, कारण त्यांच्यावर ओळीचे आणि रकान्याचे नाव एकच येई. आपणच आपल्याला कुणी काही देत नाही, असे सर म्हणत. चालायला जागा होती ती तेवढीच. दारात कुणी आले की सर ओरडत, "कर्णावरून! कर्णावरून या!" दूधवाल्याला कर्ण म्हणजे काय हे कधीच कळले नाही, पण तोही दुधाचे भांडे सांभाळत बरोबर तिरका चालत यायचा. साहेब त्या बुधवारी सरळ चालत आले होते. त्यांच्या बुटाने कापसाच्या दोन चिठ्ठ्या उडाल्या.

सरांचे शिक्षण निजामाच्या काळात उर्दूतून झाले होते. काही वर्षे त्यांनी कॉलेजात शिकवले, मग सोडले. का सोडले हे त्यांनी सांगितले नाही आणि मी विचारले नाही. भेटल्यावर नमस्काराऐवजी ते "जुळून राह्यलं का?" असे विचारत. कुणालाही, न्हाव्यालासुद्धा. लहानथोर सगळ्यांना ते 'तुम्ही' म्हणत. मला 'बाई' म्हणत. मी तेव्हा तेवीस वर्षांची होते आणि मला आधी कुणी बाई म्हटलेले नव्हते.

'इतर' आणि 'किरकोळ' हे दोन शब्द त्यांच्या खोलीत चालत नसत. माझ्याबरोबर पाहणीवर एक सहकारी होता, शेतकरी कुटुंबातला, बोलका, मनाने चांगला. त्याने एकदा एका तक्त्यात 'किरकोळ खर्च' असे लिहून आणले. सरांनी त्याला दुपारच्या एसटीने परत गावात पाठवले. संध्याकाळी तो घामाघूम होऊन आला. "सर, मीठ, बिडी अन् लेकीच्या घरी जायचं तिकीट."

"मंग हेच लिहायला काय झाल्तं?" सर म्हणाले. "किरकोळ मंजे कंटाळा. गावाचा न्हाई, तुमचा."

त्यांच्या टोपीची गोष्ट जालन्यात बऱ्याच जणांना ठाऊक होती. लग्नात टोपी-उपरणे देऊन मान करतात. एका लग्नात सरांनी आहेरात द्यायच्या टोपीला आतून शाईचा बारीक ठिपका लावून ठेवला. मग दोन वर्षे प्रत्येक लग्नाला गेले. मांडवात मिळालेली टोपी आधी उलटी करून आत बघायचे, मग डोक्यावर ठेवायचे. यजमानांना वाटे, टोपी फाटकी निघाली की काय. शेवटी परतूरच्या एका लग्नात त्यांना ठिपक्याची टोपी मिळाली. सर भर मांडवात उठून उभे राहिले आणि म्हणाले, "आली! घरी आली!" नंतर त्यांनी ती टोपी मधल्या कोणकोणत्या घरांतून फिरली ते शोधून काढले. पाच घरे निघाली. एकाही घरातल्या माणसाने ती डोक्यावर घातली नव्हती. सर म्हणाले, "पाच जणांनी मान दिला, पाच जणांना मिळाला. टोपी एकच. याला मी अर्थव्यवस्था म्हणतो."

माझ्या वडिलांना सर आवडत, पण जरा जपून. ते कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते. सर एकदा आमच्या घरी आले तेव्हा त्यांनी आईला भाकरीचे पीठ कुठून आणले, दळणाचे काय दिले, सरपण कुणी आणले, हे सगळे विचारून घेतले आणि मग पहिला घास घेतला. ते गेल्यावर वडील म्हणाले, "मानूस खरा हाय. पर त्याच्याम्होरं जेवाया बसवत न्हाई."

मला काम मिळाले तेही असेच. औरंगाबादेहून बी. ए. होऊन आले होते. सरांनी माझा अर्ज बघितला, आडनाव बघितले असणार, पत्ता बघितला असणार. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "एका पायलीत ज्वारी किती बसते?"

मी म्हणाले, "गावातली पायली की बाजारातली?"

"उद्यापासून या," सर म्हणाले. "पिकवतात पुरुष, पण घरातलं धान्य मोजतात बाया. मला मोजणाऱ्यांना विचारणारं माणूस पाहिजे."

गाव माझ्या वडिलांचे होते. मी लहान असताना आम्ही ते सोडून जालन्याला आलो होतो. पाहणी सुरू झाली आणि घरे आपोआप वाटली गेली. वस्तीवरची आणि मजुरांची घरे माझ्याकडे आली, शेतकऱ्यांची आणि कारागिरांची सहकाऱ्याकडे. असे कुणी ठरवले नव्हते. गावाने आणि सहकाऱ्याने न बोलता ठरवले, आणि मीही न बोलता मान्य केले. वस्तीवर मी चुलीपाशी बसून बायांना विचारायची. तो ओसरीवर बसून पुरुषांना विचारायचा. सरांच्या ते लक्षात आले नाही. त्यांच्यासमोर तक्ते येत. तक्त्याला ओसरी आणि चूल कळत नाही.

आता त्या बुधवारकडे येते.

गावकीची कामे करणाऱ्यांना शेतकऱ्याने राशीतून धान्याचा वाटा द्यायचा, त्याला बलुतं म्हणतात. छप्पन साली आमच्या लोकांनी धर्म बदलला, आणि पुढच्या काही वर्षांत गावोगावी गावकीची कामेही सोडली आणि बलुतंही घेणे सोडले. सहकाऱ्याच्या तक्त्यांत मात्र एकूण एक शेतकऱ्याने सांगितले होते की बलुत्याचा वाटा आम्ही दरसाल देतो. सगळे मिळून बावीस पोती ज्वारी होत होती. सरांनी ती शेतकऱ्यांच्या रकान्यातून बौद्ध मजूर घरांच्या ओळीत मांडली होती. माझ्या तक्त्यांत ती ज्वारी कुणाला मिळाली नव्हती आणि कुणी खाल्ली नव्हती.

"बावीस पोती हवेत गेली काय?" साहेब म्हणाले.

मी म्हणाले, "आमच्या लोकांनी घेणं सोडलंय, साहेब. मी शाळेत जायच्या आधीपासून."

"आमचे लोक! तेच सांगतोय मी. तक्ता भरताना आपले आणि परके असं नसतं, बाई. गरिबी जास्त दाखवली की योजना जास्त येतात, हे आम्हालाही कळतं." मग ते सरांकडे वळले. "हे तक्ते रद्द करा, यांना मोकळं करा. नाहीतर मला वर लेखी कळवावं लागेल. मग यांना कुठल्याच पाहणीत काम मिळणार नाही."

मला वाटले सर आता बोलतील. वर्षभर मी त्यांच्या हाताखाली होते. एक आकडा मी कधी अंदाजाने लिहिला नव्हता आणि ते त्यांना माहीत होते. सर म्हणाले, "मला आठ दिवस द्या."

साहेब गेल्यावर त्यांनी मला विचारले, "बाई, तुम्ही खोटं लिहिलं का?"

"नाही, सर."

"मला म्हाईत न्हाई," सर म्हणाले. "चौकटीला म्हाईत असंल."

मी जिना उतरून खाली आले आणि दुकानदाराच्या पोत्यांमागे जाऊन रडले. वडिलांनी तो वाटा सोडला त्या वर्षी आमच्या घरी काय शिजत होते, ते मला आई सांगायची. त्या वर्षाची ओळ कुठल्या चौकटीत मांडलेली नव्हती. आणि आता मीच लिहिलेल्या त्रेपन्न तक्त्यांवर 'खोटे' असा शिक्का बसणार होता.

दुसऱ्या दिवशी गेले तेव्हा सर कर्णावर पालथे पडून बेरजा करत होते. मला बघून उठले नाहीत. बोटाने दाखवत म्हणाले, "हितं बघा. बौद्ध घरांना मिळालं जास्त दिसतं अन् त्यांनी वापरलं कमी. फरक बावीस पोती. हे साहेबांनी बघितलं. आता तिकडं ज्वारीच्या ओळीला बघा. ज्वारी पिकली जास्त अन् लोकांनी खाल्लेली, विकलेली, पेरलेली मिळून कमी. फरक किती?"

मी बेरीज केली. "बावीस पोती."

"हे साहेबांनी बघितलं न्हाई. चोर एकच हाय, बाई. दोन दारांतून दिसून राह्यलाय." ते उठून बसले. "तुम्ही म्हणता घेत न्हाई. ते म्हणतात देतो. मी दोघांला खरं धरतो. मंग ज्वारी वाटेतच कुठंतरी हाय. चला, जल्दी."

फाल्गुन चालू होता आणि खळ्यांवर राशी पडल्या होत्या. सकाळच्या एसटीने आम्ही गावात उतरलो. सरांच्या हातात छत्री होती, खिशात चिंचोके होते. आम्ही गावातल्या सगळ्यात मोठ्या शेतकऱ्याच्या खळ्यावर गेलो. लोक त्यांना पाटील म्हणत. तक्त्यातला सगळ्यात मोठा वाटाही त्यांचाच होता.

"पाटील, बलुत्याचा वाटा काढला का औंदा?"

"काढला की," पाटील म्हणाले आणि अभिमानाने हात केला. मोठ्या राशीपासून दहा-बारा पावलांवर ज्वारीचा एक लहान ढीग होता. भोवती राखेची रेघ ओढलेली होती.

"कोण नेणार?"

"ज्याचा हाय त्यो नेईल."

"कधी?"

"येतील की मास्तर, त्यांच्या सवडीनं."

"मंग आम्ही बसतो," सर म्हणाले, आणि छत्री उघडून ढिगाशेजारी बसले.

पाटील आधी हसले. मग म्हणाले, "आवो, ओसरीवर बसा, च्या घ्या."

"ज्वारी हितं हाय," सर म्हणाले.

पहिला तासभर सगळ्यांना गंमत वाटली. येणारेजाणारे थांबून बघत. एक जण म्हणाला, "मास्तर, ढिगाला पाय फुटायची वाट बघून राह्यले का?"

"फुटत्यात ना," सर म्हणाले. "दिवाळीपर्यंत खळ्यावर राह्यलेली ज्वारी तुम्ही बघितली का कधी?"

मी रेघेच्या दुसऱ्या बाजूला बसले होते. त्या गावात खळ्याच्या मधोमध मी कधी बसले नव्हते. मला कुणी ऊठ म्हटले नाही. सरांच्या छत्रीमुळे असेल.

दुपारी पाटलांच्या गड्याने सरांसाठी भाकरी आणि पिठले आणले. एकाच माणसाचे होते. सरांनी भाकरीचे मोजून दोन भाग केले, अर्धा माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाले, "आधी लिहा. पाटलांच्या घरून दोन भाकरी, पिठलं, एक कांदा. मिळालं ते लिहायलाच पाहिजे." मी लिहिले. मग आम्ही जेवलो.

ऊन उतरले. ढीग होता तिथेच होता. पाटील दोनदा येऊन बघून गेले. पोरे कंटाळून निघून गेली. मला वाटू लागले की ज्वारी रात्रभर इथेच पडून राहील, आठ दिवस संपतील आणि शेवटी सर साहेबांना तेच म्हणतील, मला माहीत नाही.

दिवस कलताना पाटलीणबाई टोपली घेऊन आल्या. पन्नाशीच्या असतील. आम्हाला बघून त्या क्षणभर थबकल्या. पण हाताला सवय होती. त्या राखेच्या रेघेत आल्या, गुडघ्यांवर बसल्या आणि सुपाने ज्वारी टोपलीत भरू लागल्या.

"बाई, हे कुठं नेता?" सरांनी विचारले.

"कुठं मंजे? घरी. रातीची गुरं सुटली मंजे?"

"घरी कुठं?"

"कणगीत."

"अन् ज्याचा वाटा त्यो आला मंग?"

त्या हसल्या. "कोण येतंय, मास्तर? माझ्या धाकल्या दिराचं लगीन झालं त्या सालापून कुणी आलं न्हाई. दिराला आता तीन लेकरं हायत."

"मंग वाटा काढता कशाला?"

"म्या कुठं काढते? मालक काढतेत. सासरे काढायचे, आता ह्ये काढतेत. ह्यांनी काढायचा, म्या उचलायचा. ह्यांनी कधी इचारलं न्हाई अन् म्या कधी सांगितलं न्हाई."

"बाकीच्या घरी?"

"समद्यांचं असंच. इचारा की बायांला."

मग त्या माझ्याकडे वळल्या. "तू कुणाची गं?"

मी वडिलांचे नाव सांगितले. त्यांनी सूप खाली ठेवले.

"त्यो व्हय. शेवटी त्योच आल्ता. वाटा न्यायला न्हाई. उद्यापून कुणी येणार न्हाई, असं सांगायला आल्ता. हातात टोपली न्हवती त्याच्या." त्यांनी पुन्हा ज्वारी भरायला घेतली. "बरंच झालं म्हण. लांबून टाकाया लागायचं. निम्मं भुईवर सांडायचं. ते येचत बसायचे अन् म्या उभी राहून बघायची. मला न्हाई बरं वाटायचं."

वही उघडीच होती. ते कुठल्या रकान्यात लिहायचे मला कळले नाही.

टोपली डोक्यावर घेऊन त्या निघाल्या तेवढ्यात पाटील आले. काय झाले हे त्यांना बायकोच्या चेहऱ्यावरूनच कळले असावे. त्यांनी सरांना बाजूला घेतले, पण खळ्यावर आवाज लपत नाही.

"मास्तर, तेवढं लिहू नका. देतो असंच राहू द्या. आमच्या घरून कुणी रिकामं गेलं न्हाई आजवर."

"रिकामं जायला कुणी आलंच न्हाई, पाटील."

"गावात काय तोंड दाखवू?"

"तुमचं नाव कुठंच येत न्हाई. अन् तुमची बेरीज बिलकुल कमी होत न्हाई," सर समजावत म्हणाले. त्यांना खरोखरच वाटत होते की याने पाटलांचे समाधान होईल. "एक दाणा हलत न्हाई रकान्यातून. नुसती जागा बदलते."

पाटील त्या राखेच्या रेघेकडे बघत होते. "जागाच तर समदी असती, मास्तर," ते म्हणाले आणि निघून गेले.

एसटीत सरांनी माझ्या वहीतली दिवसभराची नोंद पुन्हा वाचली. मग म्हणाले, "चूक माझी झाली. बाया मोजतात असं मीच म्हणलो, अन् निम्म्या गावात पुरुष पाठवला."

पुढचे पाच दिवस मी शेतकऱ्यांच्या घरी गेले. कुठे अंगणात बसवले, कुठे दारातच उभे ठेवले, एका घरी पाणी वरून ओंजळीत घातले. पण बाया बोलल्या. ओसरीवर न सांगितलेले त्यांनी मागच्या दारी सांगितले, आणि पायलीच्या मापाने सांगितले. एकीने तर कणगीवर ओढलेल्या कोळशाच्या खुणा मोजून दाखवल्या. सगळे मिळून साडेएकवीस पोती भरली. मला तेवढे पुरेसे होते. सरांना नव्हते. उरलेले अर्धे पोते एका घरी बैलांना घातलेले निघाले, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण गेला.

आठव्या दिवशी सकाळी त्यांनी बौद्ध मजूर घरांच्या ओळीतली चिठ्ठी उचलली. शेतकऱ्यांच्याच रकान्यात वर नेली आणि ज्वारीच्या ओळीत ठेवली. बैलांचे अर्धे पोते त्यांच्या ओळीत आणि रकान्यात वेगळे मांडले. मला म्हणाले, "करा बेरीज." मी बदललेल्या सगळ्या ओळी आणि रकाने दोनदा मिळवले.

"जुळलं, सर."

"मंग पाणी प्या," सर म्हणाले.

मी माठापर्यंत गेले नाही. तिथेच कर्णावर बसले. किती दिवसांनी मला नीट श्वास घेता येत होता. सर बाजूला उभे राहून चिंचोके नीट लावत होते. मला बरे वाटेल असे काही ते बोलले नाहीत.

त्या बुधवारी ते माझ्या बाजूने बोलले नाहीत याचा राग मला पुढे बरीच वर्षे होता. आता नाही. ते बोलले असते तर साहेबांनी त्यांच्या शब्दाखातर मला ठेवून घेतले असते आणि ते तक्ते कायम सरांच्या भरवशावर खरे राहिले असते. सरांनी मला तसले काही दिले नाही. त्यांच्याजवळ होता तेवढा सगळा वेळ आणि एक दिवसभराचे ऊन त्यांनी दिले, आणि माझे खरे माझ्याच हातात आणून ठेवले.

साहेबांनी तक्ते मान्य केल्याचे कळवले. पत्रात दिलगिरी नव्हती, पण तक्ते ग्राह्य धरले आहेत असे स्पष्ट लिहिले होते. मला पुढची दोन कामे त्याच संस्थेने दिली. सरांचे मात्र तिथे संपले नाही. सारणीचा कच्चा छापा आला तेव्हा बौद्ध मजूर घरांच्या ओळीतला तो चौकोन रिकामा होता. सरांनी पत्र पाठवले: तिथे शून्य पाहिजे. उत्तर आले की त्याने बेरजेत फरक पडत नाही. सरांनी आणखी तीन पत्रे पाठवली. मी त्यांना म्हणाले, "सर, जाऊ द्या ना. जुळलंय आता."

पहिल्यांदाच ते माझ्यावर चिडले. "रिकामा चौकोन मंजे कुणी इचारलंच न्हाई. शून्य मंजे घरोघरी जाऊन इचारलं, मोजलं, अन् न्हाई निघालं. घेत न्हाई मंजे न्हाई, हे लोकांनी ठरवलं होतं. ते दिसलं पाहिजे."

मग ते स्वतःच गेले. जालन्याहून मनमाडला, तिथे गाडी बदलून मुंबईला. तिसऱ्या दिवशी परत आले. त्यांना खोकला झाला होता.

"काय झालं, सर?"

"छापतील," सर म्हणाले.

पुढे मी परतूरला शिक्षिका झाले आणि तिथेच निवृत्त झाले. सर मधूनमधून येत आणि दारातूनच विचारत, जुळून राह्यलं का. शेवटची काही वर्षे ते पुतण्याकडे होते. मस्तगडातल्या त्या खोलीत आता दुकानदाराच्या नातवाचे गोदाम आहे.

त्या अहवालाची एक प्रत माझ्या कपाटात आहे. तिच्यात सरांचे नाव नाही, माझे नाही, गावाचेही नाही. शेवटी घडी घातलेल्या मोठ्या पानावर सारणी आहे. बौद्ध मजूर घरांच्या ओळीत, शेतकरी घरांच्या रकान्याखाली, शून्य छापलेले आहे.